भुजच्या पुढे विजेची गाडी : धोळावीरापर्यंतच्या प्रवासाची आखणी

पुण्या-मुंबईहून विजेच्या गाडीने कच्छच्या रणात जाण्याचा विचार करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो असा की, एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो पहिला नसावा. मुंबई ते भुज हे सुमारे साडेआठशे किलोमीटरचे अंतर आज फारशी अडचण न येता पार करता येते. खरी परीक्षा भुजपासून पुढे सुरू होते. म्हणून आखणी घरापासून भुजकडे न करता उलट्या दिशेने करावी. ज्या टोकाला जायचे आहे तेथून सर्वांत जवळचा भरवशाचा फास्ट चार्जर कोणता, त्या चार्जरपासून टोकापर्यंत जाऊन परत त्याच किंवा दुसऱ्या चार्जरपर्यंत येण्यास किती युनिट लागतील आणि मधल्या मुक्कामी किती युनिट भरून घेता येतील, एवढे तीन आकडे प्रथम कागदावर मांडावेत.

धोळावीराचेच उदाहरण घेऊ. खडीर बेटावरील हे हडप्पाकालीन नगर 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पूर्वी भुजहून तेथे जाण्यासाठी भचाऊ आणि रापरमार्गे मोठा वळसा घ्यावा लागे. आता खावड्याहून थेट रणातून जाणारा रस्ता झाल्यामुळे भुज ते धोळावीरा हे अंतर सुमारे 140 किलोमीटरवर आले आहे. समजा, गाडीची बॅटरी 45 युनिटची (म्हणजे 45 किलोवॉट-अवरची) आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी 75 ते 80 किलोमीटर वेगाने, चार माणसे आणि सामान घेऊन, एका युनिटला साडेसहा किलोमीटर मिळतात असे धरले, तर जाताना साधारण साडेएकवीस युनिट, म्हणजे बॅटरीचा जवळजवळ निम्मा भाग खर्च होईल. भुजहून पूर्ण भरून निघालेली गाडी धोळावीराला 52 टक्क्यांवर पोहोचेल आणि परत भुजला 4 टक्क्यांवर. हा हिशेब कागदावर जुळतो, आणि जुळतो म्हणूनच तो धोक्याचा आहे. समोरून वारा आला, वाटेतल्या काळ्या डुंगर या टेकडीचा फेरा वाढला किंवा वाट चुकली, की शेवटचे 4 टक्के उरणार नाहीत.

कंपनीने जाहीर केलेला पल्ला या हिशेबात धरू नये. तो प्रमाणित चाचणीतील मंद वेगावर काढलेला असतो. त्याऐवजी आपल्याच गाडीचा, महामार्गावरील, एका युनिटला किती किलोमीटर हा आकडा आधी एखाद्या लहान सहलीत काढून ठेवावा आणि रणासाठी त्यातून आणखी 15 टक्के वजा करावेत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो अडथळा दीडपटीहून अधिक होतो. रणातील सपाट, निर्मनुष्य, सरळसोट रस्ता पाहून पाय आपोआप दाबला जातो, हे लक्षात असू द्यावे. वाऱ्याचेही तसेच आहे. ताशी 20 किलोमीटरचा वारा समोरून येत असेल, तर 80 ने धावणारी गाडी हवेच्या दृष्टीने 100 ने धावत असते. कच्छमध्ये पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत.

आता मुक्कामाच्या जागेवरील चार्जिंगकडे वळू, कारण साऱ्या आखणीचा कणा तोच आहे. भुजच्या पुढे फास्ट चार्जर मिळेलच असे धरून निघू नये. मिळाला तर तो लाभ समजावा. रात्रभर साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावता आली, तर दहा तासांत साधारण 30 युनिट ओढले जातात आणि त्यांपैकी 26 च्या आसपास बॅटरीत जमा होतात. एवढ्याने परतीची चिंता पूर्णपणे मिटते. परंतु ‘तुमच्याकडे चार्जिंग आहे का?’ असे फोनवर विचारून काहीही साधत नाही. आमच्या पहिल्या खेपेला यजमानांनी अत्यंत प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटले होते आणि प्रत्यक्षात भुंग्याच्या, म्हणजे त्या गोल मातीच्या घराच्या, भिंतीवर मोबाइलपुरता लहान सॉकेट होता. चूक त्यांची नव्हती. प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून आम्ही सॉकेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. जाड पिनांचा, मोठ्या भोकांचा सॉकेट दिसला तरच खोली ठरवावी. तो बहुधा गिझर, एसी किंवा पाण्याच्या पंपासाठी असतो, म्हणून त्याच एमसीबीवर (म्हणजे भार वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्यावर) रात्री गिझर चालू करू नये, एवढे यजमानांशी आधी बोलून घ्यावे. विजेचे पैसे किती द्यायचे हेही त्याच वेळी ठरवावे. अंदाजे युनिट सांगून त्याहून थोडे अधिकच देऊ करावेत, म्हणजे पुढच्या विजेच्या गाडीलाही दार उघडे राहते.

सॉकेट मिळाला तरी अर्थिंग चांगले असेलच असे नाही. अर्थिंग सदोष असेल, तर गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. तो सुरक्षेसाठी थांबलेला असतो. बाजारात मिळणारे अर्थिंगला चकवणारे जुगाड वापरून त्याला फसवू नये, कारण गळती झाल्यास विजेचा धक्का गाडीच्या पत्र्यातून माणसालाच बसतो. घरातील दुसरा सॉकेट पाहावा किंवा सकाळी गावातील वायरमनला बोलवावे. वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला, तर त्यावरही अनेक चार्जर चालत नाहीत, त्यामुळे गावात रात्री वीज किती वेळ जाते हा प्रश्नही यादीत असावा. सोबत किमान 2.5 चौरस मिलिमीटर, शक्य तर 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची 15 ते 20 मीटर लांब एक्स्टेन्शन वायर घ्यावी. ती वापरताना गुंडाळी पूर्ण उलगडावी, अन्यथा वेटोळ्यात उष्णता साठून आवरण वितळते. पहिल्या अर्ध्या तासानंतर प्लगला हात लावून पाहावा. तो नुसता कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रवाह 10 अँपिअरवर आणावा.

सॉकेट मिळालाच नाही, तर काय करायचे हे भुज सोडण्यापूर्वी ठरलेले असावे. आमचा नियम असा आहे की, खावड्याला थांबून आकडा पाहायचा. तेथपर्यंतच्या सत्तरेक किलोमीटरमध्ये ठरल्यापेक्षा 5 टक्क्यांहून अधिक बॅटरी खर्च झाली असेल आणि धोळावीरातील सॉकेटची खात्री नसेल, तर तेथूनच माघारी फिरायचे किंवा पांढरे रण पाहण्यासाठी धोरडोकडे वळून संध्याकाळी भुजला परतायचे. धोळावीराहून रापरमार्गे भचाऊकडे जाणारा रस्ताही सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. त्यामुळे तो जवळचा पर्याय नसला, तरी मुंबईकडे परतताना भुजचा फेरा वाचवतो आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सोयीचा पडतो.

खावड्याजवळील काळा डुंगर हे कच्छमधील सर्वांत उंच ठिकाण आहे आणि तेथे दत्ताचे देऊळ असल्यामुळे मराठी प्रवासी सहसा ते टाळत नाहीत. त्यासाठी जाऊन-येऊन सुमारे 50 किलोमीटर वाढतात. साडेचारशे मीटरची चढण 1,900 किलो वजनाच्या भरलेल्या गाडीला केवळ उंचीपोटी सव्वादोन ते अडीच युनिट खायला लावते. यातला बराच भाग उतरताना ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येतो, म्हणून वर असताना आकडा झपाट्याने उतरला तरी घाबरू नये. उतारावर रीजनची, म्हणजे ब्रेकिंगमधून वीज परत मिळवण्याच्या सोयीची, पातळी सर्वांत वर ठेवावी. देवळात कोल्ह्यांसाठी नैवेद्य ठेवण्याची जुनी प्रथा आहे. तो पाहायला थांबायचे असेल, तर वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा.

भुजपर्यंतच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. पहिला मुक्काम वडोदरा किंवा अहमदाबादला करावा आणि दुसऱ्या दिवशी विरमगाम, हळवद, माळिया, सुरजबारीचा पूल, सामखियाळी, भचाऊ या वाटेने भुज गाठावे. फास्ट चार्जरवर 20 ते 80 टक्के या टप्प्यातच गाडी भरावी, कारण 80 च्या पुढे चार्जिंगचा वेग इतका घटतो की उरलेल्या 20 टक्क्यांना तेवढाच वेळ लागू शकतो. चार्जर निवडताना दोन किंवा अधिक गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) असलेली जागा पाहावी. मात्र एकाच यंत्राच्या दोन गन असतील, तर दोन्ही चालू असताना शक्ती वाटली जाते, म्हणजे 60 किलोवॉटच्या यंत्रावर प्रत्येकाच्या वाट्याला 30 येऊ शकतात. प्रत्येक थांब्यापुढे 30 ते 40 किलोमीटरवर दुसरा पर्याय राहील इतकी बॅटरी उरवूनच पहिल्याकडे जावे. दिवाळीच्या सुट्टीत महामार्गावर रांगा लागतात, त्यामुळे तेव्हा पहाटे किंवा रात्री उशिरा भरणे शहाणपणाचे. निरनिराळ्या कंपन्यांची अ‍ॅप घरीच उतरवून त्यांत नोंदणी करावी आणि थोडी रक्कम भरून ठेवावी. तसेच प्लगशेअर या चार्जर शोधण्याच्या अ‍ॅपवर अलीकडच्या वापरकर्त्यांचे शेरे वाचावेत. नकाशावरचा हिरवा ठिपका आणि जागेवरचे चालू यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी असतात. भुजमध्ये गाडी भरण्याचा वेळ वाया जात नाही: आयना महाल, प्राग महाल किंवा भूकंपाच्या स्मृती जपणारे भुजियो डोंगरावरील स्मृतिवन, आणि अर्थातच दाबेली. रात्री मात्र संथ चार्जिंगवर गाडी पूर्ण 100 टक्के करूनच सकाळी निघावे.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, एसी सतत चालतो आणि फास्ट चार्जिंगवर बॅटरी तापल्यामुळे गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. पावसाळ्यानंतर रणात पाणी साचलेले असते. ते ओसरून मीठ दिसू लागण्यास डिसेंबर उजाडतो. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. रणात अनेक ठिकाणी मोबाइलला सिग्नल नसतो; त्यामुळे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवावेत आणि यजमानांचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा.

रस्ता सोडून मिठावर गाडी घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वरचा थर कडक दिसला तरी खाली चिखल असतो, आणि बॅटरीमुळे आपली गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. बन्नीच्या गवताळ प्रदेशात गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, सर्वत्र माजली आहे. तिचे काटे टायरमध्ये शिरतात, म्हणून पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप जवळ ठेवावा. बन्नीच्या म्हशी रात्री चरायला निघतात आणि पहाटे परततात, तेव्हा अंधारात गाडी चालवणे टाळलेले बरे. गाडी बंद पडलीच, तर ती दोरीने ओढून नेऊ देऊ नये. चाके फिरताना मोटरही फिरते आणि हानी होऊ शकते. मदत मागवताना फ्लॅटबेड (म्हणजे गाडी पाठीवर घेऊन नेणारा सपाट ट्रक) असा शब्द स्पष्टपणे उच्चारावा.

परतीच्या वाटेवर भुज किंवा अहमदाबादला पहिली संधी मिळताच, चिकटलेले मीठ निघावे म्हणून, गाडी धुऊन घ्यावी, आणि धुणाऱ्याला बोनेट चमकवण्याऐवजी गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या कमानींत आणि सस्पेन्शनवर गोडे पाणी मारायला सांगावे. चार्जिंग पोर्टचे झाकण तेवढे घट्ट बंद आहे ना, हे स्वतः पाहावे.