तासभर ८० ने पळवली की गाडी बंद पडायची, कारण सापडलं (माझा अनुभव)

जुनी एअरकूल्ड (हवेने थंड होणारं इंजिन), कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडी, पुणे-कोल्हापूर हायवेला तासभर ८०-८५ ने पळवली की झटके खात बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू, शहरात मात्र कधीच त्रास नाही. सगळे म्हणे इंजिन तापतंय, म्हणून ऑइल, प्लग सगळं बदललं. वैताग आला होता.

शेवटी कराडच्या अलीकडे बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली, आणि गाडी लगेच चालू! झाकणातलं हवेचं भोक चोंदलेलं, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल उतरत नव्हतं.

घरी झाकण काढलं, रबर बाजूला केलं, भोकात कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारून बारीक तार फिरवली, मग पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली, आरपार जातेय बघूनच बसवलं. रबर उलटं बसवू नका, मी बसवलेलं.