सुकलेला पीएच इलेक्ट्रोड पुन्हा कामाला कसा लावावा

जूनमध्ये मुंबईतली कॉलेजं उघडली की रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये हमखास ऐकू येतं, ‘मीटर बिघडलाय.’ बहुतेक वेळा पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता, मोजणारा हा मीटर धडधाकट असतो. त्याचा इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवायची काचेची कांडी, सुट्टीभर कपाटात सुकलेला असतो, नाहीतर कुणीतरी काळजीपोटी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवलेला असतो, आणि ते जास्त वाईट. नवीन मागवण्याआधी एवढं करून बघा. बरेच इलेक्ट्रोड वाचतात.

आधी मीटरची शहानिशा. इलेक्ट्रोड काढा आणि मीटरच्या सॉकेटमधली मधली पिन व बाहेरची कडी सरळ केलेल्या पेपर क्लिपने जोडा. मिलिव्होल्टचा आकडा शून्याजवळ येऊन थांबला तर मीटर ठीक आहे.

आता टोकाचा काचेचा फुगा उजेडात धरा. तडा दिसला तर इलेक्ट्रोड बाद, पुढची मेहनत नको. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तापाचा थर्मामीटर झटकतात तसा खाली झटका. बाहेर पांढरे खडे जमलेले असतील तर घाबरू नका. ते पोटॅशियम क्लोराइड असतं, पाण्याने निघून जातं.

सफाई मळ बघून करायची. सगळ्याला एकच औषध नाही.

क्षारांचा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टोक १५ मिनिटं बुडवा. एक लिटरला साधारण ८.५ मिली तीव्र अॅसिड लागतं. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. तेलकटपणाला कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. दूध किंवा सीरमसारख्या नमुन्यांतली प्रथिनं चिकटली असतील तर त्याच अॅसिडात १ टक्का पेप्सिन घालून तासभर ठेवा. बाजूचा तो बारीक सच्छिद्र ठिपका, म्हणजे जंक्शन, तुंबला असेल तर सुमारे ६० अंशांच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात दहा मिनिटं धरा आणि तिथेच थंड होऊ द्या.

प्रत्येक वेळी नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि टिश्यूने फक्त टिपून घ्या. फुगा पुसू नका. घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि मग रीडिंग बराच वेळ हलत राहतं. ही सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते, म्हणून विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगायला हवं.

द्रावण भरता येणारा इलेक्ट्रोड असेल तर जुनं द्रावण सिरिंजने काढून ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरा: २२.४ ग्रॅम घेऊन १०० मिलीपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. काही इलेक्ट्रोडना वेगळं द्रावण लागतं, तेव्हा माहितीपत्रक वाचा. आत द्रावणाऐवजी जेल असलेल्या इलेक्ट्रोडना हा भाग लागू नाही.

मग त्याच ३ मोलर द्रावणात रात्रभर ठेवा. फुग्याच्या काचेवरचा पातळ ओला थर पीएच ओळखतो. तो सुकला की इलेक्ट्रोड सुस्तावतो. डिस्टिल्ड वॉटर मात्र काचेतले आणि आतल्या द्रावणातले आयन ओढून घेतं, म्हणून ‘ओलं ठेवा’ एवढंच सांगून भागत नाही.

सकाळी द्रावण भरण्याचं भोक असेल तर ते उघडा आणि ताज्या बफरने, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने, कॅलिब्रेट करा, आधी पीएच ७ चं, मग ४ चं. पीएच ७ ला आकडा शून्यापासून ३० मिलिव्होल्टच्या आत हवा. २५ अंशांवर या दोन बफरमध्ये सुमारे १७७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. १६० च्या खाली आला तर इलेक्ट्रोड खरंच संपलाय. एसी नसलेल्या लॅबमध्ये तापमान ३० अंशांवर असतं, तेव्हा ते मीटरला सांगा: २५ अंशांवर ९.१८ असलेलं बोरॅक्सचं बफर ३० अंशांवर ९.१४ होतं. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतू नका, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

आणि पावसाळ्यात कनेक्टर सांभाळा. फुग्याच्या काचेचा रोध शेकडो मेगाओम असू शकतो, त्यामुळे पिनभोवती जमलेला दमटपणाचा अदृश्य पापुद्रासुद्धा सिग्नल गळवतो. मुंबईत जुलैमध्ये रीडिंग विनाकारण सरकू लागलं तर आधी तिथेच बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर पुसा, पूर्ण वाळू द्या, बोट लावू नका आणि काढून ठेवताना सिलिका जेलच्या पुडीसोबत पिशवीत बांधा. फुग्याची टोपी मात्र पोटॅशियम क्लोराइडने भरलेलीच हवी.