परभणीच्या उन्हात परफ्युम टिकवायचा कसा

सकाळी नऊला मारलेला परफ्युम साडेदहाला गायब, ही तक्रार घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडं येतंच, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, बाटली डुप्लिकेट निघाली राव. निघतही असेल, कॉपीचा माल बाजारात भरपूर आहे, पण बऱ्याचदा बाटली चांगलीच असते, आपलं अंग कोरडं ठाक असतं.

मागच्या मे महिन्यात मी घरीच करून बघितलं ते आधी सांगतो. अंघोळ झाल्यावर डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बिनवासाचं व्हॅसलीन, अगदी बोटाच्या टोकावर येईल तेवढं, चोळून जिरवलं. उजवा हात तसाच ठेवला. मग दोन्हीकडं एकाच बाटलीतला एकेक स्प्रे. दुपारी जेवायला बसायच्या आधी उजव्या हाताला नाक टेकवलं तरी काही नाही, आणि डाव्या हाताला चंदन आणि थोडी व्हॅनिला अजून बसलेली होती. बाटली एक, ऊन एक, माणूस पण एकच. तुम्ही पण करून बघा, एका सकाळचं काम आहे.

कारण साधं आहे. परफ्युम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी तेलं. अल्कोहोल मिनिटभरात उडून जातं, तेल मागं राहतं, आणि त्या तेलाला धरून ठेवायला अंगावर थोडा स्निग्धपणा लागतो. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, हवेत ओलावा नावालाही नसतो, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी आणि वर साबण, अंघोळ करून आल्यावर नडगीवर नखानं रेघ ओढली की पांढरी उठते. अशा अंगावर वास थांबणार तरी कशाला धरून?

म्हणून सुरुवात बाटलीपासून करायची नाही, अंघोळीपासून करायची. अंग पंच्यानं टिपून घ्या, खसाखसा पुसू नका, आणि थोडं ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ते पाचेक मिनिटं मुरू द्या, आणि जिथं स्प्रे मारायचाय तेवढ्याच जागी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे आणि उन्हात घाम आला की तो वर येतो, मग तुमचा पंचवीसशेचा परफ्युम आणि खोबरेल यांची खिचडी होते. वासाचा डिओ आणि वासाची पावडर पण त्याच दिवशी नको.

आता बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. कोलोन असेल तर त्यात सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्केच असतं, ईडीटी म्हणजे ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५, ईडीपी म्हणजे ओ द पारफममध्ये १५ ते २०, आणि नुसतं पारफम लिहिलेलं असेल तर त्याच्याही वर. कोलोनकडून दिवसभराची अपेक्षा करणंच चूक आहे, ते त्यासाठी बनलेलंच नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना नावाच्या इटालियन माणसानं १७०९ च्या सुमारास हे प्रकरण सुरू केलं, लिंबू, संत्रं, बर्गमोट असल्या फळांच्या सालींचा वास, अंगावर घेतलं की ताजंतवानं वाटावं एवढाच हेतू. आणि लिंबूवर्गातले वास सगळ्यात हलके, तेच सगळ्यात आधी उडतात. पहिला पाव ते अर्धा तास जो येतो तो हा वरचा वास, मग दोन-चार तास फुलांचा आणि मसाल्यांचा मधला, आणि शेवटी जे उरतं ते चंदन, वाळा, कस्तुरीसारखे मस्क, अंबर, ऊद (म्हणजे अगरूच्या लाकडाचा वास). त्यामुळं दुकानात कागदी पट्टीवर मारून लगेच पैसे काढू नका, तो फक्त वरचा वास असतो. हातावर घ्या, बाजार करा, चहा प्या, दोन तासांनी हुंगा आणि मग ठरवा. टिकणारा पाहिजे तर चंदन, वाळा, अंबर, ऊद, व्हॅनिला असलेला घ्या. लिंबाचा आवडत असेल तर तोच घ्या, पण खिशात रिफिल ठेवायची तयारी ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथं. टिकणं वेगळं आणि दरवळणं वेगळं. वास दरवळतो म्हणजे तो अंगावरून उडून दुसऱ्याच्या नाकात जातो, आणि जो उडाला तो तुमच्या अंगावर राहिला नाही, एवढा सरळ हिशोब आहे. गरम जागी मारला की जोरात दरवळतो आणि लवकर संपतो, थंड जागी मारला की टिकतो पण जवळ आल्याशिवाय कळत नाही. दोन्ही पाहिजे असेल तर वाटणी करायची, काही स्प्रे उडायला आणि काही राहायला.

उडायचे कुठं, तर मानेच्या मागं, छातीवर शर्टाच्या आत आणि कोपराच्या आतल्या घडीत. गळ्याच्या पुढं मी मारत नाही, एकतर तिथं ऊन लागतं आणि दुसरं म्हणजे नाकाच्या अगदी खाली असल्यानं अर्ध्या तासात आपलंच नाक बधिर होतं. मनगट सगळेच सांगतात पण मनगट दिवसातून दहा वेळा धुतलं जातं, जेवायच्या आधी, जेवल्यावर, त्यापेक्षा कोपर बरं. आणि मनगटावर मारून दोन्ही हात एकमेकांवर घासायची जी सवय आहे ना, ती सोडा. घासल्यानं कातडी गरम होते आणि वरचा नाजूक वास पहिल्याच मिनिटात जातो. मारायचं आणि वाळू द्यायचं. बाटली वीतभर लांब धरा, जवळून मारलं की एकाच जागी थेंब जमतो, लांबून मारलं की जास्त अंगावर पसरतो आणि जास्त जागेवरून दरवळतो.

राहायचे स्प्रे कपड्यावर. कपड्याला अंगाएवढी ऊब नसते, घाम आणि अंगातलं तेल नसतं, त्यामुळं तिथं वास सावकाश सुटतो. सुती शर्ट उत्तम, लोकरी स्वेटर तर त्याहून उत्तम. आणि जो भाग हलतो तिथं मारा, बाहीचं टोक, ओढणीचा पदर, गमचा, उपरणं. माणूस चालला की ते हलतं आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडा वास मागं सोडत जातं. ही एक गोष्ट केली तरी तुम्हाला फरक कळेल, स्प्रे वाढवायची गरज पडत नाही. गर्द रंगाचा परफ्युम असेल तर पांढऱ्या कपड्यावर नको, आतल्या शिवणीवर एकदा मारून डाग बघा. केसांत थेट मारू नका, अल्कोहोलनं केस कोरडे होतात, कंगव्यावर एक स्प्रे मारून अल्कोहोल उडू द्यायचं आणि मग विंचरायचं.

रेशमावर मात्र कधीच नाही. आमच्या घरात एका लग्नात मावशीच्या पैठणीच्या पदरावर कुणीतरी हौसेनं गुलाबाच्या अत्तराचं बोट टेकवलं, मोराच्या बाजूलाच रुपयाएवढा तेलकट डाग पडला तो ड्रायक्लीनिंगला देऊन पण गेला नाही. मावशी काही बोलली नाही पण ती पैठणी नंतर मी तिच्या अंगावर बघितली नाही. जरीवर पण स्प्रे नको, जर काळी पडते. पैठणी नेसायची असेल तर आधी अंगावर अत्तर लावा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग नेसा.

त्याच लग्नात मला मामानं फाया, म्हणजे अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, शिकवला. मी जिंतूरवरून मोटरसायकलवर आलो होतो, तास-दीड तासाचा रस्ता, निघताना आठ स्प्रे मारलेले, मांडवात पोचलो तर फक्त घाम. मामा म्हणले, "आरं काय फवारणी करायलास कापसावर केल्यासारखी, इकडं ये." खिशातून छोटी कुपी काढली, कापसाचा हरभऱ्याएवढा बोळा केला, कुपीच्या तोंडाला लावून कुपी एकदा उपडी केली, बोळा दोन बोटांत दाबून जास्तीचं अत्तर त्यांच्याच मिशीला पुसलं आणि फाया माझ्या कानाच्या वरच्या घडीत बसवला. वाळ्याचं अत्तर होतं. दुपारी साडेबाराचं लग्न, पंगती, वरात, रात्री अकराला मी अंथरुणावर टेकलो तेव्हा कूस बदलली की वास येत होता.

फाया का टिकतो, तर अत्तरात अल्कोहोलच नसतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजची जुनी पद्धत अशी की तांब्याच्या डेगेत फुलं किंवा वाळ्याच्या मुळ्या पाण्यात उकळतात आणि वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणजे पायाच जड तेलाचा. आता स्वस्तात मिळतं त्यात चंदनाऐवजी पॅराफिन किंवा दुसरं बिनवासाचं द्रव असतं, ते किमतीवरूनच कळतं, चंदनाच्या तेलावरचं खरं अत्तर शंभर रुपये तोळा मिळत नाही. तोळा म्हणजे या धंद्यात साधारण १२ मिलीची बाटली, पहिल्यांदा घेताना ३ मिलीचीच घ्या. अत्तराची एक अडचण आहे, ते टिकतं पण लांब जात नाही. म्हणून माझी पद्धत अशी, अंगावर चंदन किंवा वाळ्याच्या अत्तराचं एक बोट, ते बसलं की कपड्यावर ईडीपीचे दोन स्प्रे. अत्तर पाया धरतं आणि स्प्रे बोलतो. फक्त जोडी जुळली पाहिजे, चंदन जवळपास सगळ्यांशी जमतं, वाळा लिंबाच्या कोलोनशी फार सुंदर जमतो, ऊद आणि समुद्रासारखा निळा वास एकत्र करू नका, डोकं धरतं. फाया रोज नवा करा आणि कानाच्या घडीला खाज किंवा लाली आली तर बंद.

बाटली ठेवायची जागा हा आमच्या भागात मोठा विषय आहे. ऊन, उजेड आणि हवा, तिन्हीनं सुगंधी तेल खराब होतं. मी एक अर्धी भरलेली बाटली एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरलो, जूनमध्ये काढली तर रंग गडद झालेला आणि लिंबाच्या वासाच्या जागी जुन्या खवट तेलासारखा वास. ती बाटली नंतर सुधारली नाही, सुधारत नसतेच. बाथरूममध्ये नको, खिडकीत नको, पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर तर अजिबात नको, मेमध्ये तिथं हात लावायची सोय नसते. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ते पण संध्याकाळी तापतं. बाटली तिच्या खोक्यातच ठेवा आणि खोकं सगळ्यात खालच्या कप्प्यात, शहाबादी फरशीच्या जवळ, घरातली तीच गार जागा. बाहेर न्यायला ५ मिलीची छोटी स्प्रे बाटली भरून घ्या, मोठी बाटली घराबाहेर काढूच नका.

आणि टिकत नाही असं म्हणायच्या आधी दुसऱ्याला विचारा. आपलं नाक सतत येणारा वास थोड्या वेळात दाबून टाकतं, आणि काही मस्क असे आहेत की काही माणसांना ते मुळातच येत नाहीत, तुम्हाला वाटतं संपला आणि शेजारचा गुदमरायलाय. चार तासांनी घरातल्या कुणाला तरी विचारा, किंवा रात्री शर्ट काढून दुसऱ्या खोलीत टांगा आणि सकाळी उठल्या उठल्या कॉलर हुंगा, जे येईल तो तुमच्या परफ्युमचा खरा पाया.

दोन गोष्टी सांभाळा. लिंबू-बर्गमोटचं कोलोन उघड्या अंगावर मारून उन्हात जाऊ नका, बर्गमोटच्या तेलातल्या बर्गाप्टेन नावाच्या घटकावर ऊन पडलं की कातडीवर तपकिरी चट्टे पडू शकतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत, कपड्याच्या आत मारा. आणि देवघरात निरांजन लागलेलं असताना किंवा गॅसजवळ स्प्रे मारू नका, अल्कोहोल पेट घेतं.

किती स्प्रे, तर मे महिन्यात मोकळ्या मांडवातल्या लग्नाला पाच-सहा चालतात, ऑफिसला तीन, दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असेल तर एक पण नको. मृगाचा पाऊस पडला की हवेत ओलावा येतो, तोच परफ्युम जास्त जाणवायला लागतो, तेव्हा निम्म्यावर या, आणि पावसात एसटीच्या सगळ्या काचा बंद असतात, त्या दिवशी कपड्यावरचा एकच ठेवा.