फॅरनहाइटचं सेल्सिअस तोंडी कसं करायचं

आपल्याकडे गंमत बघा, हवामान सेल्सिअसमध्ये आणि ताप मात्र फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे नवीन डिजिटल थर्मामीटर चुकून सेल्सिअसवर सेट असला आणि 38.5 दाखवलं की घरात सगळे गोंधळतात. म्हणून तापाचे चार आकडे पाठच करून टाका: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2 आणि 40 म्हणजे 104. मधल्या प्रत्येक अर्ध्या डिग्रीला 0.9 मिळवायचे, म्हणजे ते 38.5 झालं 101.3.

बाकी वेळी, म्हणजे अमेरिकेतली मुलगी फोनवर सांगते "आज 86 आहे" तेव्हा, 32 वजा करा (54), अर्धे करा (27), आणि त्या अर्ध्याचा दहावा भाग परत त्यातच मिळवा, 27 आणि 2.7, झाले जवळजवळ 30. उलटं करायचं तर दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा, मग 32 मिळवा. नागपूरचे 45 घ्या, 90 मधून 9 गेले 81, अधिक 32, म्हणजे 113!

बरेच जण 30 वजा करून नुसतं निम्मं करतात, स्वेटर घालायचा की नाही एवढं ठरवायला ते ठीक आहे, पण तापाला ही पद्धत अजिबात वापरू नका, 104 चा ताप त्यात 37 येतो, म्हणजे एकदम नॉर्मल!! लहान मुलाच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे.

केकच्या रेसिपीत 350 फॅरनहाइट लिहिलं असेल तर ओव्हन सरळ 180 सेल्सिअसला लावा.