सागरी महामार्गावर सायकल : गावातल्या घरी मुक्काम कसा मागावा

रेवस ते रेडी हा किनाऱ्याचा रस्ता सायकलवर करायला निघालं की हमखास एक सल्ला मिळतो: ‘कोकणातली माणसं साधी, कुठल्याही दारात उभं राहा, घरात घेतात.’ असं होत नाही. वाडीतली बरीच घरं कुलूपबंद असतात, कारण कर्ती माणसं मुंबईला. उघड्या घरात दोन म्हातारी माणसं. त्यांनी अनोळखी पाहुण्याला रात्री आत का घ्यावं? म्हणून नीट विचारायला शिका. बाकी सगळं सोपं आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी निघा. गणपती आणि शिमग्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, तेव्हा कुणाला अडचणीत टाकू नका. चटई, चादर, विजेरी आणि आधारकार्डाची प्रत जवळ ठेवा.

गाव चार वाजता ठरवा

हा रस्ता प्रत्येक खाडीपाशी उतरतो आणि पलीकडे दम काढत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवा. संध्याकाळी खाडी ओलांडून पुढचं गाव गाठण्याच्या भरीला पडू नका, अलीकडेच थांबा. दिवेलागणीनंतर दारात आलेल्या माणसाची भीती वाटते आणि ती वाटणं बरोबरच आहे.

विचारणं

मला सगळ्यात जड गेलं ते हेच, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा घराकडे जाऊ नका, दुकानाकडे जा. चहा घ्या, नाहीतर बिस्किटाचा पुडा घ्या आणि बाकड्यावर बसा. सायकल बघून कुणीतरी बोलायला येतंच. पोलीस पाटलांचं घर कुठं ते तिथंच विचारा आणि आधी त्यांना भेटा. गावात कोण नवं आलं याची खबर ठेवणं त्यांच्या कामातच येतं. आधारची प्रत त्यांच्या हातात दिली की निम्मं काम झालं, कारण मग ज्या घरी तुम्ही राहाल त्या घरावर जबाबदारीचं ओझं राहत नाही.

आता शब्द. ‘तुमच्याकडे राहू का?’ असं कधीही विचारू नका. समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. मी असं विचारते: ‘काका, रेडीपर्यंत चाललेय, पुढं अंधार होईल. गावात रात्रीपुरती कुठं पडवी मिळेल का? अंथरूण-पांघरूण माझ्याकडे आहे.’ ‘गावात कुठं’ म्हटलं की त्यांना देवळाकडे बोट दाखवता येतं, शेजाऱ्याचं नाव सुचवता येतं, किंवा स्वतःचं घर पुढं करता येतं. ‘थांब हां जरा’ म्हणून काका आत गेले तर तुम्ही खळ्यातच, म्हणजे अंगणातच, थांबा, दारातून आत डोकावू नका. खरा निर्णय आत होतो. रांधायचं काकूंना असतं, त्यामुळे हो म्हणायचा हक्कही त्यांचाच. बाहेर येऊन ते ‘बघूया’ म्हणाले तर ते नाही समजा आणि मनापासून आभार मानून निघा. आग्रह करणाऱ्यांमुळे मागून येणाऱ्या सायकलवाल्यांची दारं बंद होतात.

घरी बाई एकटी असेल तर पुरुषांनी विचारूच नये. एकटीनं फिरणाऱ्या बाईनं बाईलाच विचारावं. अंगणवाडीताई किंवा आशाताई गावातलं प्रत्येक घर ओळखतात. मालवणकडे एखादी आजी आधी ‘खंयसून इलंस?’ (कुठून आलीस?) विचारेल आणि लगेच, एकटीला घरच्यांनी सोडलं कसं, हेही विचारेल. रागावू नका, तिला खरंच काळजी वाटते. मी अशा वेळी आईला फोन लावते आणि फोन सरळ आजीच्या हातात देते. दोघी आधी माझ्या हट्टाबद्दल बोलतात, मग गुडघ्यांबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता आजी आत बघून चहाचं आधण ठेवायला सांगते.

आडनावही विचारतील. आडनाव ऐकून काही घरं थंड होतात. मला त्याची चीड येते, पण दिवस मावळताना दारात वाद घालून डोक्यावर छप्पर मिळत नाही. तिथून सरळ उठा आणि पोलीस पाटलांना शाळेची पडवी मागा.

घरात

चपला बाहेर. ओटीपर्यंत आपण जायचं, माजघरात बोलावलं तरच. मासे खात नसाल तर चूल पेटण्याआधी सांगा. आंघोळीला पाणी किती घ्यायचं ते विचारून घ्या, फेब्रुवारीत काही विहिरी तळ गाठायला लागलेल्या असतात. रात्री परसात जाताना विजेरी हवीच, कारण या पट्ट्यात फुरशी, हे छोटे विषारी साप, फार. लाल विंचूही आहेत, तेव्हा सकाळी बूट झटकूनच पाय घाला. काही चावलंच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

निघताना

‘उशीखाली पाचशेची नोट ठेवून निघा’ हा दुसरा वाईट सल्ला. काकूंना ती दुपारी झाडताना सापडते आणि आपण केलेल्या जेवणाची कुणी किंमत लावली असं त्यांना वाटतं. त्याऐवजी घरात तयार होणारं काहीतरी विकत मागा: आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, काजूगर. सांगतील तो भाव द्या, घासाघीस नको. ओझं नको असेल तर पैसे देऊन पार्सल घरच्या पत्त्यावर पाठवायला सांगा, पाठवण्याचा खर्च वेगळा द्या. लहान मूल असेल तर सगळ्यांसमोर त्याच्या हातावर खाऊचे पैसे ठेवा, ती आपली रीतच आहे. घराबाहेर घरगुती राहण्या-जेवणाची पाटी असेल तर मात्र हे काही नाही. तो त्यांचा धंदा आहे, पूर्ण दर द्या.

सायकलवर बसण्याआधी पुढच्या मुक्कामाच्या गावात ओळखीचं कोण आहे ते विचारा. कुणाची लेक तिथं दिलेली असते, कुणाचा मामा. काकू स्वतःच फोन करतात, आणि त्या संध्याकाळी दुकानाच्या बाकड्यापासून सुरुवात करावी लागत नाही.