इंग्रजी लिहिताना कंस कुठे टाकायचा आणि फुलस्टॉप आत की बाहेर

ऑफिसात नवीन आलेल्या मुलांचे इंग्रजी मेल जायच्या आधी मी वाचून देते, आणि स्पेलिंग आता फोनच सुधारतो पण कंसाच्या चुका तशाच राहतात, म्हणून हे एकदा नीट लिहितेय.

आधी एक टेस्ट. कंस आणि त्याच्या आतलं सगळं बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य वाचा, ते नीट लागलं तर कंस बरोबर, लंगडलं तर चूक. म्हणजे 'माय ब्रदर (अँड हिज वाइफ) इज कमिंग टुमारो' यात येणारी माणसं दोन आहेत तरी क्रियापद 'इज'च, कारण व्याकरण कंसातलं मोजतच नाही. कानाला खटकतं ना? मग कंस काढा आणि 'अँड'ने सरळ जोडून 'आर' लिहा, मी तरी तेच सांगते.

सोळाव्या शतकातला डच विद्वान इरॅस्मस या गोल कंसांना लुन्युला म्हणायचा, म्हणजे छोटे चंद्र. आपल्याकडे अर्धचंद्र देणं म्हणजे हाकलून देणं, आणि कंसातल्या मजकुराचं अगदी तसंच आहे, त्याला कधीही बाहेर काढता आलं पाहिजे.

आता फुलस्टॉप, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. 'आय मेट हर इन नाशिक (शी वॉज टीचिंग देअर).' इथे कंस मोठ्या वाक्याच्या पोटात आहे म्हणून 'शी'चा एस स्मॉल आणि फुलस्टॉप कंसाच्या बाहेर. तेच 'नाशिक'नंतर फुलस्टॉप देऊन कंसात वेगळं वाक्य लिहिलं, तर एस कॅपिटल आणि त्याचा फुलस्टॉप आत. प्रश्नचिन्ह मात्र कंसातल्या प्रश्नाचं असेल तर कधीही आतच: 'वी रीच्ड लेट (हू न्यू द घाट वूड बी क्लोज्ड?), सो वी मिस्ड डिनर.' यात कॉमा कुठे आहे बघा, बंद कंसानंतर. अशा मधल्या कंसाच्या आधी कॉमा देऊ नका, लागलाच तर नंतर.

स्पेस उघड्या कंसाच्या आधी एक, आतल्या बाजूला अजिबात नाही. आत स्पेस ठेवली की कधी कधी ओळ तिथेच तुटते आणि उघडा कंस एकटाच ओळीच्या टोकाला लटकतो.

आणि कंसात काय टाकायचं नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंस म्हणजे आवाज खाली आणून बाजूला सांगितलेलं, डॅश म्हणजे जरा आवाज चढवून, आणि दोन कॉमांमधलं नेहमीच्या आवाजात. त्यामुळे शेवटची तारीख, पैशाचा आकडा, माफी हे कंसात नको. 'प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे' कंसात टाकलं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे जाते आणि मग शुक्रवारी आपण उत्तराची वाट बघत बसतो. संस्थेचं शॉर्ट फॉर्म, सालं, छोटासा खुलासा, यांना कंस छान.

नावांचंही लक्षात ठेवा, ब्रिटिश लोक या गोल कंसांना ब्रॅकेट्स म्हणतात, अमेरिकन पॅरेन्थेसिस, आणि अमेरिकन क्लायंट नुसतं ब्रॅकेट म्हणाला तर त्याला बहुतेक चौकोनी हवा असतो. चौकोनी कंस दुसऱ्याचं बोलणं अवतरणात देताना आपण मध्ये घातलेल्या शब्दासाठी असतो, तिथे गोल टाकला तर तो शब्द मूळ बोलणाऱ्याचाच वाटेल.