करणीला सोपे रूप कसे द्यावे

वर्गमूळाच्या चिन्हाखालील संख्येला निःशेष भाग जाईल अशी सर्वांत मोठी पूर्ण वर्ग संख्या शोधणे, हेच करणीला, म्हणजे √७२ सारख्या पूर्ण किंमत न निघणाऱ्या मुळाला, सोपे रूप देण्यातले मुख्य काम आहे. √७२ घ्या. ७२ = ३६ × २ असे लिहिले, की ३६ चे वर्गमूळ ६ बाहेर येते आणि उत्तर ६√२ मिळते. घाईघाईत ९ × ८ असे अवयव पाडले, तर ३√८ येते. ते चूक नसले तरी अपुरे आहे, कारण ८ मध्ये ४ हा वर्ग अजून शिल्लक आहे. मोठा वर्ग चटकन दिसत नसेल, तेव्हा मूळ अवयव पाडून समान अवयवांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतला एकच अवयव बाहेर काढावा.

बेरजेत मात्र विशेष सावध राहावे. √९ + √१६ म्हणजे √२५ नव्हे. पहिल्याची किंमत ७ आहे, दुसऱ्याची ५. आधी प्रत्येक करणी सोपी करावी आणि मगच सजातीय करणी (चिन्हाखाली तीच संख्या असलेल्या) एकत्र कराव्यात: √७२ + √५० = ६√२ + ५√२ = ११√२.

छेदात √३ असल्यास अंश व छेद या दोहोंना √३ ने गुणावे. ६/√३ चे २√३ होते. बैजिक राशीत √(क्ष²) चे उत्तर |क्ष| (क्ष ची चिन्हरहित किंमत) असे लिहावे, कारण क्ष ऋण असला तरी √ हे चिन्ह ऋण किंमत कधीच दर्शवत नाही.